छप्पन अंश, तीस मिनिटं

माजिवड्याहून वडप्याला पोचायला किती वेळ लागेल, असं ठाणेकराला विचारू नये. तो नुसता हसतो. अंतर जेमतेम चोवीस किलोमीटर. पण कधी खारेगावला, कधी मानकोलीला, कधी रांजनोलीला गाडी उभी राहिली की राहिलीच, आणि मागेपुढे पाहावं तर कंटेनरच कंटेनर. न्हावाशेवा बंदरात उतरलेला कितीतरी माल याच वाटेने भिवंडीच्या गोदामांत येतो आणि इथून देशभर पांगतो. भिवंडी शहराला वळसा घालून आलेला रस्ता वडप्याला जुन्या नाशिक रस्त्याला मिळतो. पुढे पडघा, वाशिंद, आसनगाव आणि मग कसारा घाट. अलीकडे जवळच्याच आमण्यापर्यंत समृद्धी महामार्गही आला आहे. ७०१ किलोमीटरच्या त्या रस्त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला, म्हणजे नेमका जागतिक पर्यावरण दिनी खुला झाला. मुहूर्त ज्याने काढला त्याच्या विनोदबुद्धीला दाद द्यायला हवी.

एके काळी हा सगळा भातखाचरांचा टापू. आता खाचरं बुजवून पत्र्याची गोदामं उभी राहिली आहेत. मधेच एखादं खाचर शिल्लक, त्यात दोन म्हशी. आगरी-कुणबी शेतकऱ्यांपैकी कोणी जमीन विकली, कोणी गाळे बांधून भाड्याने दिले. मुंबईकर मोबाइलवर बोट दाबतो तेव्हा पुष्कळदा इथलंच एखादं खोकं जागचं हलतं.

मला खरं तर शहापूरच्या जंगलात जायचं होतं. मोह गळायचे दिवस होते. वडप्याला माझा मावसभाऊ एका गोदामात सुपरवायझर आहे. त्याची पाळी संपली की त्याच्या मोटारसायकलवरून पुढे निघायचं, असा बेत होता. पाळी संपायला अवकाश होता, म्हणून आत जाऊन बसलो. बाहेर फाल्गुनातलं ऊन, आत पत्र्याखाली त्याहून जास्त उकाडा. माथाडींपैकी एकाने बसायला एक रिकामं पॅलेट पुढे सरकवलं.

बसून काय करायचं, तर फळी न्याहाळली. पिवळट पांढरं, हलकं लाकूड. नख रुतवलं तर खूण उमटते. नाक जवळ नेलं तर टर्पेंटाइनचा विरलेला वास. कापलेल्या टोकाला वलयं इतकी दाट, की बोटाच्या पेराएवढ्या जागेत मोजायला गेलो आणि डोळे शिणले. थंड मुलखातलं झाड सावकाश वाढतं, वर्षभरात एखादा मिलिमीटर. आपल्या देवदारी खोक्यांचंच हे भावंड. मधल्या ठोकळ्यावर भाजून उठवलेला शिक्का होता. डावीकडे गव्हाची लोंबी, उजवीकडे ‘डीई’ ही अक्षरं, पुढे काही आकडे, खाली ‘एचटी’.

‘‘डीई म्हणजे जर्मनी,’’ मावसभाऊ म्हणाला. ‘‘एचटी म्हणजे हीट ट्रीटमेंट, तापवलेलं. हा शिक्का नसला तर लाकूड बंदरातच अडवतात.’’

‘‘किती तापवतात?’’

‘‘छप्पन अंश, तीस मिनिटं. आमच्या ट्रेनिंगमध्ये पाठ करून घेतलंय.’’

नियम खराच आहे. आणि छप्पन अंश म्हणजे भट्टीतली हवा नव्हे, लाकडाचा गाभा. तोही सलग अर्धा तास. १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात रस्त्याकडेची मेपलची झाडं पोखरलेली आढळली. किडा आशियातला, लांब मिशांचा. तो चीनकडून आलेल्या मालाच्या लाकडी बांधणीतून समुद्र ओलांडून गेला होता. पाइन सुकवणारा एक सूक्ष्म सूत्रकृमी उत्तर अमेरिकेतून जपानला आणि पुढे पोर्तुगालला असाच पोचला. व्यापार वाढला तशी किडींचीही येजा वाढली. म्हणून २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय नियम झाला, की देशाबाहेर जाणारं कच्चं बांधणीचं लाकूड आधी तापवायचं किंवा धुरी द्यायची आणि मगच त्यावर लोंबीचा शिक्का मारायचा.

मला तिथे बसल्या बसल्या वेगळंच सुचत होतं. लाकडातली कीड मारायचं हे काम उत्तरेच्या जंगलात आजवर हिवाळा करत आला. फुकट, आणि भट्टी न पेटवता.

उत्तरेची जंगलं म्हणजे अलास्का-कॅनडापासून स्कँडिनेव्हिया, फिनलंड आणि थेट सायबेरियापर्यंत पसरलेला सूचिपर्णी झाडांचा पट्टा. स्प्रूस, पाइन, फर, लार्च. मधेमधे बर्च आणि अ‍ॅस्पेन. जगातल्या एकूण वनांचा चौथ्या हिश्शाहून थोडा जास्त भाग या पट्ट्यात येतो. आपल्याला जंगल म्हटलं की विषुववृत्ताकडचं, वेलींनी गच्च भरलेलं जंगल आठवतं. हे जंगल तसं नाही. जाती थोड्या, झाडं अगणित, आणि सगळा संसार थंडीच्या शिस्तीवर चाललेला. मातीत पडलेलं पान कुजायला वर्षं लागतात, म्हणून कार्बनचा मोठा साठा तिथे झाडांपेक्षा जमिनीत आहे. ती शिस्त आता मोडते आहे. उत्तर ध्रुवाकडचा प्रदेश १९७९ पासून जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे. सायबेरियातल्या वेर्खोयान्स्क गावी १८९२ मध्ये उणे ६७.८ अंश नोंदले गेले होते. त्याच गावात २० जून २०२० ला पारा ३८ वर गेला. अधिक अडतीस! एप्रिलमधली आमची भिवंडीच म्हणायची.

आता किड्याकडे. कॅनडाच्या पश्चिमेला ब्रिटिश कोलंबिया प्रांतात पाइनच्या सालीखाली राहणारा एक भुंगा आहे, तांदळाच्या दाण्याएवढा. तो तिथलाच, हजारो वर्षांपासूनचा. मादी साल पोखरून आत शिरते, अंडी घालते, अळ्या सालीखालचा रसाळ थर खातात. सोबत ती एक बुरशी घेऊन येते. ही बुरशी खोडातून वर चढणारं पाणी तोडते. धडधाकट झाड डिंक सोडून भुंग्याला बुडवून मारतं. अळीही काही लेचीपेची नव्हे. हिवाळ्याआधी ती अंगात ग्लिसरॉल साठवते, म्हणून साधी थंडी तिला बाधत नाही. तिला मारायला दोहोंपैकी एक गोष्ट लागते: एक तर उणे चाळिसाच्या आसपासची कडाक्याची थंडी, किंवा शरदातच, तिची तयारी व्हायच्या आधी, अचानक आलेली थंडीची लाट. १९९० च्या दशकापासून हे दोन्ही दुर्मीळ होत गेलं. त्यात भर म्हणजे कित्येक दशकं वणवे विझवत राहिल्याने एकाच वयाची, भुंग्याला आवडणारी थोराड झाडं डोंगरच्या डोंगर माजली होती. एकट्या तापमानाला दोष देऊन मोकळं होता येत नाही, हे इथे सांगायलाच हवं. पण माजलेलं जंगल आणि सौम्य हिवाळा एकत्र आले आणि सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टरांवर भुंगा पसरला. प्रांतातल्या विक्रीयोग्य लॉजपोल पाइनपैकी निम्म्याच्या आसपास झाडं मेली. सगळा महाराष्ट्र ३ कोटी ८ लाख हेक्टरांचा आहे, यावरून अंदाज बांधावा. पूर्वी रॉकी पर्वत या किड्याला आडवा होता. तो ओलांडून भुंगा अल्बर्टात उतरला आणि तिथे जॅक पाइन या नव्या जातीवर बसला. जॅक पाइनची रांग पार पूर्व किनाऱ्याकडे जाते. पुढे अल्बर्टात काही हिवाळे जुन्या चालीचे पडले, तेव्हा तिथला भुंगा झपाट्याने घटला. थंडीचा उपाय लागू पडतो, याचा याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

पलीकडच्या थप्पीत एका पॅलेटच्या फळीवर निळसर करडे फराटे होते. भुंग्याच्या बुरशीने लाकूड असंच निळं होतं. कॅनडात मेलेल्या झाडांचं हे निळं लाकूड ‘डेनिम पाइन’ अशा गोंडस नावाने विकायलाही काढलं होतं. व्यापारी कुठलेही असोत, कल्पक असतात. मात्र ओले ओंडके फार दिवस पडून राहिले तरी असाच निळा डाग पडतो. तेव्हा वडप्यातली ती फळी भुंग्याने मारलेल्या झाडाची होती असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. मावसभावाला मात्र त्या निळ्या फळीचं कौतुक नव्हतं. ‘‘ताकदीला फरक पडत नाही,’’ तो म्हणाला, ‘‘पण भंगारवाला भाव पाडतो.’’

जर्मनी या उत्तर पट्ट्याच्या खाली येतो. तिथल्या स्प्रूसची कथा त्याच कुळातली. दुसऱ्या महायुद्धानंतर उजाड झालेल्या डोंगरांवर भराभर वाढणारा आणि सरळसोट स्प्रूस ओळीने लावला गेला. जिथे तो आपणहून कधी उगवला नसता अशा सखल, उबदार जागीसुद्धा. मुळं उथळ, त्यामुळे पाण्याची ओढ लागली की हाच आधी सुकतो. २०१८ ते २०२० अशी सलग कोरडी वर्षं आली. तहानलेल्या झाडाला डिंक कुठला सुटणार? तिथला सालभुंगा उन्हाळा लांबला की वर्षात एकाऐवजी दोन, कधी तीन पिढ्या काढतो. २०१८ पासूनच्या सव्वातीन वर्षांत जर्मनीतलं सुमारे ५ लाख हेक्टर जंगल गेलं. हार्झ पर्वताचे उतारच्या उतार करडे झाले. मेलेलं लाकूड सडायच्या आत विकायचं म्हणून कापाकापी सुरू झाली, भाव कोसळले, ओंडके कंटेनरांत भरून पार चीनपर्यंत गेले. अशा लाकडाचं दिवाणखान्यातलं कपाट क्वचित होतं. त्याच्या पेट्या होतात, पॅलेटं होतात.

माझी पुतणी कॅनडात कॅलगरीला असते. २०२३ च्या मे महिन्यात तिने फोनवर खिडकीबाहेरचं आभाळ दाखवलं होतं, भरदुपारी तांबूस. ‘‘काका, इथे उन्हाळा म्हणजे आता धुराचाच,’’ ती म्हणाली. ‘‘लेकाची शाळेतली मैदानावरची प्रॅक्टिस हवेचा आकडा बघून ठरते.’’ त्या एका वर्षी कॅनडात सुमारे दीड कोटी हेक्टर जंगल जळलं, म्हणजे जवळपास अर्धा महाराष्ट्र. ऑगस्टमध्ये यलोनाइफ शहरातली वीस हजार माणसं हलवावी लागली. पुढच्या वर्षी जुलैत जॅस्पर या डोंगरातल्या टुमदार गावाचा तिसरा हिस्सा वणव्यात गेला. पुतणी आणि तिच्या घरची मंडळी त्याआधी तिथे फिरून आली होती. फोटोंत मागच्या उतारांवर भुंग्याने मारलेल्या तांबड्या पाइनचे पट्टे दिसतात. मेलेल्या झाडांमुळे आग किती वाढते, यावर जाणकारांचं एकमत नाही.

वणवा हा काही त्या जंगलाचा शत्रू नव्हे. लॉजपोल आणि जॅक पाइनची बोंडं राळेने घट्ट मिटलेली असतात. आगीच्या धगीने ती उघडतात आणि बी राखेत पडतं. पण आगीला तिचं अंतर पाळावं लागतं. शंभर वर्षांनी यायची ती वीस-तीस वर्षांत परतली तर पोरवयाच्या झाडांना पुरेशी बोंडं धरलेली नसतात. अलास्कात काळ्या स्प्रूसच्या जागी आता बर्च आणि अ‍ॅस्पेन उगवताना दिसतात, त्याचं हे एक कारण. काही ठिकाणी आग जमिनीतल्या दलदली मातीत शिरते, हिवाळाभर बर्फाखाली धुमसत राहते आणि वसंतात पुन्हा वर येते.

पाळी संपली. मावसभावाने हेल्मेट दिलं आणि आम्ही निघालो. पडघा मागे पडलं, वाशिंदपर्यंत गोदामांनी सोबत केली. आसनगाव आलं तसा डावीकडे माहुलीचा किल्ला उभा राहिला, सुळक्यांसकट. शहापूर सोडून आटगावहून आत वळलो आणि तानसाचं जंगल सुरू झालं. मुंबईला १८९२ पासून पाणी पाजणारा हा तलाव. त्याच्या पाणलोटाला धक्का लागू नये म्हणून भोवतीचं जंगल राखलं गेलं, १९७० मध्ये अभयारण्य झालं. नाहीशी झाली असं शंभरावर वर्षं मानली गेलेली रानपिंगळा घुबडं १९९७ मध्ये नंदुरबारकडे शहाद्याजवळ सापडली आणि २०१४ मध्ये इथे तानसातही दिसली. मुंबईच्या दाराशी, आणि कोणाला पत्ता नव्हता.

फाल्गुनातलं हे जंगल पाहून पाहुण्याला वाटेल, मेलं सगळं. साग उघडा, पायाखाली त्याची पानं पापडासारखी वाजणारी, ऐनाच्या खोडावर मगरीच्या पाठीसारखे खवले. मधेच पळस पेटलेला आणि मोहाखाली पिवळटसर फुलांचा सडा. पण हे मरण नाही, झोप आहे. सायबेरियातला लार्च सूचिपर्णी असूनही हिवाळ्यात सगळी पानं टाकतो; आपला साग उन्हाळ्यात टाकतो. तो थंडीतून सुटका करून घेतो, हा कोरडेपणातून. दोघांचंही जगणं वेळापत्रकावर चालतं, आणि हवा बदलते म्हणजे नुसता पारा चढतो असं नाही, आधी हे वेळापत्रक विस्कटतं. उत्तरेत हिवाळा उशिरा येऊन लवकर जातो. आपल्याकडे पाऊस नको तेव्हा येतो.

तलावाच्या अलीकडे एका पाड्यावर थांबलो. पाणी मागितलं. अंगणात एक आजोबा सागाच्या पानांचं इरलं दुरुस्त करत बसले होते. समोरच्या उतारावर राब रचून ठेवला होता: खाली शेण, वर ऐनाचा टहाळ, त्यावर पालापाचोळा आणि सर्वात वर माती. तो भाजायचा, त्या राखेत भाताची रोपं करायची. त्यापायी ऐनाच्या फांद्या दर साली उतरवतात. म्हणून इथले कितीतरी ऐन नुसते गाठाळ खांब झाले आहेत. हा झगडा जुना. इंग्रजांनी टहाळतोडीवर बंधनं घातली तेव्हा ठाणे-कुलाब्यात एवढा असंतोष माजला, की सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला.

‘‘वणवा लागतो का बाबा इकडे?’’ मी विचारलं.

‘‘लागत नाय, लावत्यात,’’ आजोबा म्हणाले. ‘‘मोह वेचायला खालचा पाला जाळत्यात. पयलं सकाळी दंव असायचं, आग खोडाशी येऊन इझायची. आता दंवच नाय. एक काडी टाकली की पार माथ्यापातूर जाती.’’

वनखात्याला हल्ली उपग्रहावरून आगीची सूचना मोबाइलवर येते. जाळरेषाही काढतात. पण पाऊल टाकायला माणूस लागतो, आणि या डोंगराला तो पुरत नाही.

‘‘आणि पाऊस?’’

‘‘त्याचं काय सांगू! त्या सालात मे मध्येच धो धो. राब भिजला. धूळवाफ्याची पेरणी साधली नाय, बी कुजलं.’’ ते २०२५ चं साल सांगत होते. त्या वर्षी नैऋत्य मोसमी पाऊस २६ मेलाच मुंबईत दाखल झाला, आजवरच्या नोंदींत सर्वात लवकर. ‘‘आंबा गेला, करवंद गेली. मोहाच्या टोळंबीत पाणी शिरलं, तेल निघालं नाय.’’

गोदामातल्या फळीची गोष्ट मी त्यांना सांगितली. जर्मनीत झाड कसं मेलं, किडा कसा माजला. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि व्यवहाराचा प्रश्न विचारला. ‘‘मग आता ते लोक कंचं झाड लावत्यात?’’

जर्मनीत आता एकाच जातीचं रान करत नाहीत. ओक, बीच, मेपल, डग्लस फर असं मिसळून लावतात. ब्रिटिश कोलंबियाने तर बियांचा नियमच बदलला आहे. पूर्वी ज्या डोंगराचं बी त्याच डोंगरात लावायचा दंडक होता. आता त्या जागेवर उद्या जी हवा असेल ती आज जिथे आहे, तिथलं बी आणून लावतात. म्हणजे बहुधा दक्षिणेकडचं किंवा खालच्या उतारावरचं. पश्चिमी लार्च हे झाड त्याच्या जुन्या हद्दीच्या उत्तरेला लावायची परवानगी २०१० मध्येच दिली गेली.

‘‘आसं व्हय,’’ आजोबा म्हणाले. ‘‘मग आमी बी कुठलं आणायचं? खानदेशातलं?’’

मावसभाऊ हसला, पण प्रश्न हसण्याजोगा नव्हता. खानदेशात ऊन आहे, इथला पाऊस नाही. जळगावला वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास, शहापुरात अडीच हजारांच्या घरात. तिकडचा साग इथल्या आषाढात उभा राहील का, आणि इथल्या ऐनाला तिकडचं वैशाखी ऊन सोसेल का? उत्तरेच्या जंगलाला निदान दक्षिणेकडे बोट दाखवता येतं. इतक्या उन्हातलं आणि इतक्या पावसातलं दोन्ही अंगात असलेलं बी आमच्या दक्षिणेला कोणत्या रानात मिळायचं?

‘‘सरकार साग लावतं,’’ आजोबा इरलं बाजूला ठेवत म्हणाले. ‘‘साग सागासारखा लावला की पाखरू नाय, गवत नाय. मी वहाळाच्या कडंचे दोन ऐन तोडतच नाय. पाच वरसं झाली. औंदा फळं धरलीत. वैशाखात त्याचंच बी गोळा करतो.’’

आजी मोहाची पाटी डोक्यावरून उतरवत होत्या. तिथूनच म्हणाल्या, ‘‘आणि राबाला टहाळ कंचा आणशील? त्या दोन ऐनांचा तोडत नाय म्हून मला डोंगराच्या पल्याड जावं लागतं, ते पाव्हण्यांना सांग की.’’